टबाच्या काठचे कुंकू

एकदा एका बाजारगावात, गुळाच्या अडत्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, एक वृद्ध स्त्री लोकांच्या हातापायांची निगा राखण्याचा व्यवसाय करीत असे. नखे कापावीत, टाचांच्या भेगा वज्रीने घासून मऊ कराव्यात, बोटाला झालेले कुरूप हलक्या हाताने काढावे, असे तिचे काम. दिवसभर गूळ तोलून थकलेले हमाल तिच्याकडे येत, लग्न ठरलेल्या मुली येत, आणि ज्यांना वाकून स्वतःच्या पायापर्यंत पोचता येत नाही अशी वयोवृद्ध माणसे तर हमखास येत. सारे गाव तिला अक्का म्हणे.

अक्काच्या हाताला यश होते, पण तिचा लौकिक हातापेक्षा तिच्या हट्टामुळे अधिक होता. एक माणूस उठला की दुसऱ्याला ती लगेच बसू देत नसे. नखे कापायची पक्कड, कात्री, वज्री, सगळे साबणाच्या पाण्यात जाई. पक्कडीची बिजागरी उघडून तिच्या खाचेत ब्रश फिरे. मग स्वच्छ पाणी, मग कोरडे फडके, आणि त्यानंतर सगळी हत्यारे जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात बुडत. पायाचा टब घासून त्याला आतून-बाहेरून औषध लावले जाई. नखे साफ करायची लाकडी काडी आणि नखे घासायची खरखरीत घासणी धुऊन स्वच्छ होत नाहीत, म्हणून त्या ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कटकन मोडून टाकी. "मोडली नाही तर हात सवयीनं पुन्हा तिच्याकडंच जातो," असे तिचे म्हणणे.

औषध लावलेला टब कुणी लगेच पुसायला गेला तर मात्र अक्काचा पारा चढे. "ओलं राहू दे. ओलं आहे तोवर औषध काम करतंय. तोवर आपण बोलू."

आणि खरोखरच ती बोलत बसे. बाहेरच्यांना वाटे, म्हातारीला गप्पांचे वेड आहे. वेड होतेच, पण ते औषधाच्या वेळेत बसवलेले होते.

या अक्काकडे वैजयंती नावाची एक मुलगी काम शिकत होती. गावातल्याच एका शिंप्याची ही लेक. हाताने हलकी, नजरेने चौकस आणि मनाने इतकी भाबडी की कुणी गोड बोलले की तिचे डोळे भरून येत. अक्काने तिची वैजू केली. वैजूला अक्काचे सगळे आयुष्य ठाऊक होते आणि ते तिला ओल्या टबाशेजारी बसूनच कळले होते. अक्काचे लवकर गेलेले यजमान, दूर देशी स्थायिक झालेला मुलगा, तरुणपणी फसलेली पुरणपोळी, हे सारे तिने औषध वाळता वाळता ऐकले होते. तिचा अक्कावर जीव होता. साधासुधा नव्हे, देवाच्या खालोखाल.

वैजूच्या वडिलांनी मात्र अलीकडे एक अट घातली होती. "तिथं गिऱ्हाइकं बसवायला स्वतःची खुर्ची मिळाली तर कर की काम, मी आडवा येणार नाही. नुसतंच टब घासत बसायचं असेल तर आत्यानं सांगितलेलं स्थळ बघायला जाऊ." त्या स्थळाबद्दल वैजूला एवढेच माहीत होते की त्या घरी सुनेने उंबऱ्याबाहेर काम केलेले चालत नाही. तेव्हापासून तिचे अर्धे लक्ष खिडकीकडच्या, चादर पांघरलेल्या रिकाम्या खुर्चीकडे लागलेले असे.

अक्काला हे न कळायला काय झाले? ती एक दिवस म्हणाली, "गुरुपौर्णिमेला आपले गूळवाले शेठ यायचेत. त्यांचे पाय तू एकटीनं कर. मी मधे येणार नाही. नीट झालं की खिडकीकडची खुर्ची तुझी."

हे शेठ म्हणजे गुळाचे मोठे व्यापारी. आयुष्यभर दुसऱ्यांना गूळ विकला आणि साखर मात्र स्वतःच्या रक्तात साठवली, अशी त्यांची गल्लीत थट्टा होई. ते स्वतःही ती हसत सांगत. पण थट्टेत न मावणारी एक गोष्ट होती. साखरेमुळे त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. काटा रुतला तरी कळत नसे. दुसऱ्या कुठेतरी नखे काढताना एक ओरखडा उठला, तो चिघळला, त्यांना पत्ताच लागला नाही, आणि शेवटी डाव्या पायाची करंगळी डॉक्टरांनी काढून टाकली. तेव्हापासून ते अक्काखेरीज कुणाच्या हाती पाय देत नसत. ते पाय अक्का आता वैजूच्या स्वाधीन करीत होती.

पौर्णिमेच्या दिवशी वैजू पहाटेच न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून आली. सोबत झेंडूची फुले, हळदकुंकू, निरांजन. तिने अक्काला खुर्चीवर बसवले आणि म्हणाली, "आज तुमच्या पायांची पूजा करणार. नाही म्हणू नका."

अक्का दर वर्षी नाहीच म्हणत असे. या वर्षी तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिले, आणि कधी नव्हे ती विरघळली. "बरं बाई. पण लवकर आटप. शेठ वेळेचे पक्के आहेत."

वैजूने दुकानातला उत्तमातला टब घेतला. कोमट पाण्यात अक्काची पावले ठेवली, हलकेच चोळली. नखे थोडी वाढली होती, ती तिने पक्कडीने कापली. उजव्या अंगठ्याचे नख जाड आणि पिवळट झाले होते, कडेला भुसभुशीत लागत होते. वैजूने ते पाहिले. तिला वाटले, जन्मभर उभे राहून राहून झिजलेत बिचारीचे पाय. तिचे डोळे भरून आले. पावले पुसून टबाच्या काठावर टेकवली आणि तिने हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले, निरांजन ओवाळले. त्या पाण्यातले थोडे वाटीत काढून डोळ्यांना लावले आणि उरलेले दारातल्या तुळशीला घातले. अक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती आतल्या खोलीत चहा टाकायला गेली.

आता वैजूपुढे रिकामा टब होता. सवयीने तिचा हात ब्रशकडे गेला. पण तो मधेच थांबला.

गुरूचे पाय ज्यात धुतले त्या टबाला ब्रशने खरवडायचे? त्यावर ते उग्र वासाचे औषध ओतायचे? हमालाचे चिखलाने भरलेले पाय येऊन गेले की ती हाच टब दोनदा घासत असे, कुणी सांगायची गरज नसे. पण हे अक्काचे पाय. देवाच्या मूर्तीला फिनेलने पुसल्यासारखे तिला ते वाटले. शिवाय मनात एक भाबडा विचारही आला की, बरेच झाले, शेठच्या आजारी पायांना अक्काचे पुण्य लागेल. तिने टब नुसता विसळला, पक्कड फडक्याने हळुवार पुसून ट्रेमध्ये ठेवली, आणि स्वच्छ गरम पाणी भरले. पाण्याचा चटका शेठना कळणार नाही म्हणून स्वतःचे कोपर बुडवून पाहिले. तेवढी काळजी ती विसरली नव्हती.

शेठ आले. चपला काढल्या, धोतर वर घेतले, खुर्चीत टेकले.

"काय गं पोरी, आज तू मालकीण व्हय?"

"तुमचे पाय नीट झाले तर होणार, शेठ," वैजू लाजून म्हणाली.

"मग होशीलच की! घे, हे तुझ्या हवाली." असे म्हणून शेठनी पाऊल उचलले.

इतक्यात अक्का चहाचे कप घेऊन बाहेर आली. येता येता तिची नजर टबावर गेली आणि तिथेच खिळली. पांढऱ्या टबाच्या काठाला कुंकवाचा एक बारीक लाल ओघळ तसाच होता.

अक्काने कप खाली ठेवले. ती पुढे झाली आणि तिने आपल्या पायाने तो भरलेला टब चक्क लवंडला. पाणी भसकन साऱ्या फरशीवर पसरले. शेठच्या कोल्हापुरी चपला भिजल्या, वैजूची ठेवणीतली साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली.

शेठचा पाय अधांतरीच राहिला. "अहो अक्का! काय झालं?"

अक्काने ट्रेमधली पक्कड उचलून साबणाच्या पाण्यात टाकली. मग पदर खोचून ती गुडघे दुखत असतानाही खाली बसली आणि टब घासू लागली. आत घासला, बाहेर घासला, काठावरचे कुंकू खरवडून काढले, पाणी मोरीत ओतले, आणि टबाला सगळीकडून औषध लावले. जे पाणी पोरीने सकाळी डोळ्यांना लावले होते त्याचा मागमूसही तिने ठेवला नाही.

वैजू भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची गेली, हे तिला कळून चुकले होते. पण तिला रडू आले ते खुर्चीसाठी नव्हे. "अक्का, माझी पूजा नको होती तर सकाळीच सांगायचं होतं," ती हुंदके देत म्हणाली. "अशी लाथेनं लवंडायची होती का?"

शेठनाही ते पाहवले नाही. "राहू द्या की वो अक्का. तुमच्या पायांचं तीर्थ ते. मला लागलं असतं तर माझं भाग्यच म्हटलं असतं मी."

अक्काने हात धुतले, शेठच्या शेजारी एक स्टूल ओढले आणि वैजूला जवळ बोलावले. "बस इथं. टब ओला आहे तोवर बोलू."

वैजू नाइलाजाने बसली.

"शेठ, तुमचा डावा पाय दाखवा जरा पोरीला."

शेठनी पाऊल पुढे केले. करंगळीच्या जागी गुळगुळीत व्रण होता. ते हसून म्हणाले, "ही गेली तेव्हा मला दुखलंसुद्धा नाही बघ. दुखलं असतं तर वाचली असती."

मग अक्काने आपला उजवा पाय वैजूसमोर धरला. "आता हे बघ. सकाळी काय दिसलं तुला?"

"तुमचे पाय दिसले."

"नख नाही दिसलं?"

वैजूने खाली पाहिले. जाड, पिवळे, कडेने भुसभुशीत. दुसऱ्या कुणाचे असते तर तिने दाराशीच ओळखले असते. हा पसरणारा रोग होता. सकाळी हेच नख तिने त्याच पक्कडीने कापले होते, आणि ती पक्कड शेठच्या बोटांवर चालवायला ट्रेमध्ये सजवून ठेवली होती.

अक्काचा आवाज आता मऊ झाला होता. "पोरी, पूजा मला गोड लागली. खोटं कशाला बोलू? आत चहा ढवळताना माझेच डोळे वाहत होते. पण तू टब घासला नाहीस, कारण तुला वाटलं, घासला तर अक्काला घाण म्हटल्यासारखं होईल. अगं, घासणं म्हणजे उठून गेलेल्या माणसाला काही म्हणणं नसतं. घासतो ते येणाऱ्या माणसासाठी. तू माणूस बघून घासायला लागलीस, तर मळका आला की दोनदा घासशील आणि जिवाभावाचा आला की विसरशील. मळक्याची भीती नाही मला, त्याच्यापासून आपण जपतोच. आपल्या माणसाजवळ हात ढिला पडतो, आणि रोग तिथूनच शिरतो. त्याला गुरू कळत नाही आणि पुण्य तर मुळीच कळत नाही. चूक माझीही आहे. मी ओवाळून घेतलं आणि आत जाऊन बसले. टब घासून झालाय का, हे बघायला हवं होतं मी."

शेठ आपल्या पायाकडे पाहत होते. वैजूने पदराने डोळे पुसले. आणखी काही मिनिटे टबाच्या अंगावर औषध चमकत राहिले.

मग वैजू उठली. तिने हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. पक्कड उघडून तिच्या खाचेत ब्रश फिरवला. अक्काने न सांगता तिने बाकीची हत्यारेही ट्रेमधून काढून धुतली, कारण ती त्या पक्कडीशेजारी पडली होती. ट्रे धुतला, खुर्चीचे हात आणि पाय टेकवायची फळी औषधाने पुसून ओली ठेवली. सगळे औषधात बुडाल्यावर ती शेठसमोर हात जोडून म्हणाली, "शेठ, थोडं थांबावं लागंल. चालेल का?"

"माझा गूळ काय विरघळून चाललाय?" शेठ म्हणाले. "चहा गार झालाय तेवढा बदला."

त्या दिवशी वैजूने शेठचे पाय असे केले की अक्कालाही बोट ठेवायला जागा उरली नाही. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात पाहिले, नख सरळ कापले, कातडीला पक्कड लागू दिली नाही. ज्या पायाला स्वतःचे दुखणे सांगता येत नव्हते, त्याच्यासाठी तिने आपले डोळे वापरले. काम संपल्यावर काडी आणि घासणी कटकन मोडली. शेठ ओल्या चपला घालून, चपक चपक आवाज करीत, आनंदाने निघून गेले.

अक्का काही म्हणेल म्हणून वैजू थांबली नाही. तिने पुन्हा सगळे घासले, औषध लावले, वेळ जाऊ दिला. त्यानंतर ती अक्काकडे वळली.

"अक्का, बसा खुर्चीवर."

"आता कशाला? पूजा झाली की सकाळी."

"बसा म्हणते ना."

अक्का बसली. वैजूने तिचा पाय मांडीवर घेतला, अंगठा दिव्याकडे वळवला आणि कपाळाला आठी घालून नीट पाहिला. सकाळच्या भरल्या डोळ्यांनी जे तिला दिसले नव्हते ते आता स्वच्छ दिसत होते. "नखाला बुरशी झालीय तुमच्या. डॉक्टरांना दाखवलंत का? आणि घरी नेलकटर वेगळं ठेवताय ना? उघड्या पायानं मोरीत जात नाही ना? चपला ओल्या ठेवत नाही ना?"

अक्का तिच्याकडे बघत राहिली. पोर आपल्याला एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकासारखे दरडावत होती. म्हातारीच्या तोंडावर हसू पसरत गेले.

"दाखवलंय. औषध चालू आहे. नेलकटर वेगळं आहे," ती मुकाट्याने एकेक उत्तर देत गेली. आणि मग हात लांबवून तिने खिडकीकडच्या खुर्चीवरची चादर ओढून काढली.

पुढचे वर्षभर ती खुर्ची वैजूने चालवली. आत्याने आणलेले स्थळ दुसऱ्या कुणाला लाभले.

पुन्हा गुरुपौर्णिमा आली. वैजूने पुन्हा अक्काची पावले टबात घेतली, धुतली, पुसली, हळदकुंकू वाहिले. अंगठ्याचे नख आता मुळापासून नवे, गुलाबी आले होते. निरांजन ओवाळून होताच वैजूने टब उचलला, पाणी मोरीत ओतले, आणि वाकून ब्रशने घासायला सुरुवात केली.

"अगं, नमस्कार राहिला की!" अक्का म्हणाली. "आणि आता तर नख बरं झालंय माझं."

"ते तुमचं झालं," काठावरचे कुंकू घासता घासता वैजू म्हणाली. "मला पुढचं माणूस यायचंय." मग टबाला औषध लावून ती अक्काच्या पायाशी येऊन बसली. "ओलं आहे अजून. तोवर नमस्कार करते. आणि ती पुरणपोळी कशी फसली होती, ते सांगा पुन्हा एकदा."

अक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

आपल्यालाही काही माणसे जिवापाड आवडतात. त्यांचे ताट उचलल्यावर ते घासूनच पुढच्या पंगतीत मांडावे, त्यात त्यांचा मान कमी होत नाही.